९९ रुपयांचा ट्रायल पॅक आणि घणसोलीच्या ताईंचे साडेपंधरा हजार

घणसोलीला घरोंदा वसाहतीत राहणाऱ्या एका ताईंची ही केस आहे. नाव देत नाही, त्यांनीच सांगितलं की नाव सोडून सगळं लिही, निदान दुसऱ्या कुणाचे तरी पैसे वाचतील. वय ३८, महापे एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहेत, दिवसभर बिलं आणि जीएसटीची रिटर्न्स बघतात, म्हणजे पैशाच्या बाबतीत भोळ्या वगैरे अजिबात नाहीत. हे आधीच सांगून ठेवतोय कारण मी आमच्या भागात लोकांना ग्राहक तक्रारी लिहायला मदत करतो आणि अशी कुठलीही केस सांगितली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "एवढी शिकलेली बाई फसली कशी?" मला या वाक्याचा मनापासून राग येतो. कारण या एका वाक्यामुळेच बायका तक्रार करायला पुढे येत नाहीत आणि विकणाऱ्यांचं त्यावरच चालतं.

एकूण गेले १५,५४८ रुपये. एकदम नाही, पाच वेळा मिळून, फेब्रुवारी ते एप्रिल. ९९, १,९९९, २,८५०, ७,२०० आणि शेवटी ३,४००. शेवटचे ३,४०० तर "तुमचे पैसे परत देतो" असं सांगून घेतले. आणि पैशाचं एकवेळ सोडा, मधल्या काळात तब्येतीचं जे झालं ते जास्त वाईट आहे, ते खाली येईलच.

माझं या केसबद्दल म्हणणं एकच आहे. पहिल्या ९९ रुपयांत त्यांनी ताईंना काही विकलं नाही, उलट ताईंकडूनच माल घेतला. फोन नंबर, वजन, आजार, आणि या बाईला नेमकी कशाची लाज वाटते ही माहिती. पुढचे सगळे पैसे या माहितीवर काढले.

जाहिरात

भाच्याचं लग्न मे महिन्यात. ताईंना थायरॉइड आहे, हायपोथायरॉइड, म्हणजे ग्रंथी कमी काम करते, चार वर्षांपासून रोज सकाळी उपाशीपोटी गोळी. त्यात बसून काम, वजन ७८ पर्यंत गेलेलं. घरात कुणी मुद्दाम टोचून बोलत नाही पण साखरपुड्याचे फोटो आले तेव्हा एका नातेवाईक बाईंनी ग्रुपवर काहीतरी लिहिलं, हसण्यावारी नेलं सगळ्यांनी, पण ताईंच्या ते डोक्यात राहिलं. दुसऱ्याच दिवशी ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाईलवर जाहिरात आली. "नवी मुंबईच्या गृहिणीने १५ दिवसांत १० किलो वजन घटवलं, ना डाएट ना जिम." खाली आधीचा आणि नंतरचा फोटो, साडीतली बाई. ताईंच्या नाशिकच्या चुलत जावेला तीच जाहिरात "नाशिकच्या गृहिणीने" अशी दिसली होती, बाई तीच, साडी तीच. फोन कुठल्या शहरात आहे ते बघून तिथलं नाव आपोआप भरलं जातं, त्यात काही अवघड नाही.

आता १५ दिवसांत १० किलो म्हणजे काय ते जरा बघू. शरीरातली एक किलो चरबी कमी व्हायला साधारण ७,७०० कॅलरी खर्च व्हाव्या लागतात. १० किलोला ७७,०००. भागिले १५ केलं तर रोजची पाच हजारांवर तूट. ऑफिसात बसून काम करणाऱ्या बाईचं शरीर दिवसभरात खर्चच करतं १,८०० ते २,००० च्या आसपास. म्हणजे ताईंनी पंधरा दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नसतं तरी १० किलो चरबी गेली नसती. हा हिशोब मी त्यांना नंतर करून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, दादा हे गणित मला येतं, पण त्या वेळी मी गणिताच्या मूडमध्ये नव्हते. खरं आहे ते, आणि जाहिरात तसाच मूड बघून येते.

जाहिरातीवर बोट लावलं की आधी एक प्रश्नावली. वय, उंची, वजन, थायरॉइड किंवा शुगर आहे का, बाळंतपणानंतर वजन वाढलं का. इथपर्यंत ठीक. मग पुढचे प्रश्न बघा, "पोटामुळे फोटो काढायला लाज वाटते का?" "घरचे वजनावरून बोलतात का?" "जवळ काही लग्नसमारंभ आहे का?" ताईंनी तिन्हीला हो केलं. मला हे वाचून अंगावर काटा आला. डॉक्टर असले प्रश्न माल विकायला विचारत नाही. शेवटी दोन बटणं, मोठं हिरवं "हो, मला बदलायचंय" आणि खाली बारीक करड्या अक्षरात "नको, मी आहे तशीच राहीन". वर घड्याळ उलटं चाललेलं, ०९:४७, ०९:४६, आणि "तुमच्या पिनकोडसाठी फक्त ७ पॅक शिल्लक". ताईंच्या मुलीने, नववीत आहे ती, नंतर माझ्यासमोरच ते पेज परत उघडून दाखवलं, रिफ्रेश केलं की घड्याळ पुन्हा दहा मिनिटांवर आणि पॅक पुन्हा सात.

या सगळ्या चाळ्यांना आता आपल्याकडे कायद्यात नावं आहेत. केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्न्सच्या, म्हणजे असल्याच ऑनलाइन चाळ्यांविरुद्धच्या, गाइडलाइन्स काढल्या, त्यात १३ प्रकार दिलेत. खोटी घाई करणं त्यात आहे, नाही म्हणणाऱ्याला लाजवणारं बटण त्यात आहे, आणि ताईंना ज्याने सगळ्यात आधी पकडलं तो सबस्क्रिप्शनचा सापळाही त्यात आहे.

९९ चे १,९९९

"ट्रायल पॅक फ्री, फक्त डिलिव्हरीचे ९९." ताईंनी यूपीआयने भरले. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर ऑटोपे मॅन्डेट लिहिलेलं होतं, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, दर महिन्याला १,९९९ पर्यंत. रोज दहा वेळा पिन टाकणारा माणूस वर ९९ बघतो, पिन टाकतो, मोकळा होतो. आणि ऑटोपेचं असं आहे की पिन एकदाच, सुरुवातीला. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतचे हप्ते पिन न विचारता जातात. नियमाप्रमाणे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज यायला हवा आणि तो आला पण होता, बँकेच्या, गॅसच्या, लोनच्या जाहिरातींच्या मेसेजमध्ये पडून होता. तिसाव्या दिवशी १,९९९ गेले.

म्हणून आधी हेच सांगतो, बाकीचं नंतर वाचा. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट नावाचं पान असतं, प्रोफाईलमध्ये किंवा सेटिंगमध्ये, ते उघडा. चालू असलेले सगळे मॅन्डेट तिथे दिसतात आणि तिथूनच बंद करता येतात, विकणाऱ्याला विचारायची गरज नाही. ताईंच्या फोनमध्ये हे सोडून अजून एक जुनं निघालं, कुठल्यातरी गाण्याच्या ॲपचं.

"डॉक्टर"

पॅक यायच्या आधी फोन आला. साध्या दहा आकडी मोबाईलवरून. मुलगी मराठीत बोलणारी, गोड बोलणारी, आधी मॅडम आणि दोन मिनिटांत ताई. "ताई, तुमच्या फॉर्ममध्ये थायरॉइड लिहिलंय ना, मग हा साधा पॅक तुम्हाला पुरणार नाही हो, तुमचं फॅट जिद्दी आहे, आधी बॉडी डिटॉक्स करावी लागेल. लग्न कधी आहे म्हणालात?" लग्नाचं ताई फोनवर बोललेल्याच नव्हत्या, ते प्रश्नावलीतून आलं. २,८५० चा कोर्स, कॅश ऑन डिलिव्हरी, "पैसे आधी मागत नाही आम्ही, माल हातात आल्यावरच द्या." सीओडी म्हटलं की आपल्याला वाटतं यात धोका नाही. पण पार्सलवाला पैसे घेतल्याशिवाय बॉक्स उघडू देत नाही, आणि त्याला तरी काय बोलणार, त्याला आत काय आहे ते माहीत नसतं. ताईंनी मधेच एकदा विचार बदलला, नको म्हणाल्या, तर तीच मुलगी एकदम वेगळ्या आवाजात, "ऑर्डर कन्फर्म झाल्यावर कॅन्सल केली तर लीगल नोटीस घरी येईल, मग मिस्टरांना कळेल." घरी माहीत नाहीये हे पण बोलता बोलता तिने काढून घेतलेलं होतं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, सीओडी पार्सल दारात नाकारलं म्हणून कुणी तुम्हाला जेलमध्ये टाकत नाही, ही नुसती धमकी असते.

कोर्स चालू झाला आणि पहिल्या आठवड्यात वजन खरंच अडीच किलो उतरलं. ताईंचा विश्वास इथेच बसला. मी पाकिटावरची यादी बघितली. ग्रीन कॉफी, गार्सिनिया, त्रिफळा आणि सोनामुखी. यातली सोनामुखी म्हणजे जुलाबाचं औषध, आपल्या आजीला पण माहीत होती. दिवसातून चार-पाच वेळा संडासला जावं लागत होतं, वरून "रात्रीचं जेवण बंद, फक्त आमचा चहा" असं सांगितलेलं. मग वजन उतरणारच, पण ते पाणी उतरतं. खाल्लेल्या अन्नातल्या कॅलरी छोट्या आतड्यात आधीच शोषून झालेल्या असतात, सोनामुखी काम करते मोठ्या आतड्यात, त्यामुळे चरबीला ती हातही लावत नाही. चार दिवस नीट जेवलात, पाणी प्यालात की काटा जागेवर. आणि महिनाभर असे जुलाब चालू ठेवले तर अंगातलं पोटॅशियम उतरतं, पायात गोळे येतात, छातीत धडधडतं.

बाकीच्या नावांचं पण सांगतो कारण ती प्रत्येक पाकिटावर असतात. गार्सिनिया हे आपल्या कोकमाच्याच कुळातलं मलबारकडचं फळ. त्याच्या अर्काची १९९८ मध्ये अमेरिकेत नीट चाचणी झाली होती, १३५ माणसं, १२ आठवडे, अर्ध्यांना अर्क आणि अर्ध्यांना नुसती खोटी गोळी, वजनात सांगण्यासारखा फरक निघाला नाही. ग्रीन कॉफीची गोष्ट अजून वाईट आहे, तिचा सगळा गाजावाजा ज्या अभ्यासावर झाला तो आपल्या भारतातच केलेला, फक्त १६ माणसांवर, पैसे अमेरिकन कंपनीचे. २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हा अभ्यास विश्वास ठेवण्यासारखाच नाही असं म्हणत त्या कंपनीकडून ३५ लाख डॉलर भरून घेतले, आणि त्याच वर्षी तो पेपर मागे घेतला गेला. इतक्या वर्षांनी आपल्याकडे अजून त्याच नावावर पाकिटं विकली जातायत.

तिसऱ्या आठवड्यात काटा थांबला तेव्हा "सीनियर डॉक्टर" फोनवर आले. नाव सांगितलं, रजिस्ट्रेशन नंबर विचारायचं ताईंना सुचलं नाही, आणि आपल्यापैकी कितीजण विचारतात? हे साहेब म्हणाले, "तुम्ही ती थायरॉइडची गोळी घेता ना, तीच फॅट धरून ठेवते, पंधरा दिवस बंद करा, मी स्टेज टू किट पाठवतो." ७,२०० रुपये, या वेळी आधी भरायचे. किट म्हणजे झिपच्या पिशवीत ६० कॅप्सूल, पांढऱ्या आणि हिरव्या, पिशवीवर कंपनी नाही, घटक नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. मार्करने फक्त एस-२ लिहिलेलं.

माझ्या मते पूर्ण केसमध्ये हा सगळ्यात मोठा गुन्हा आहे. पैसे परत मिळवता येतात, पण चार वर्षं चालू असलेली गोळी फोनवरच्या अनोळखी माणसाने बंद करायला लावली. थायरॉइडची गोळी बंद केली तर वजन उलट वाढतं, थकवा येतो, सूज येते, कोलेस्टेरॉल चढतं. म्हणजे वजन वाढायची सोय त्यांनीच केली आणि ते उतरवायचे पैसेही त्यांनीच घेतले.

कॅप्सूल चालू झाल्यावर भूक जवळजवळ गेली. रात्री झोप नाही, तोंड कोरडं, छातीत धडधड. एका सकाळी घणसोली स्टेशनचा जिना चढताना ताईंना डोळ्यासमोर अंधारी आली आणि त्या तिथेच बसल्या. फॅमिली डॉक्टरांकडे नेलं तेव्हा पल्स ११८, बीपी वाढलेलं, थायरॉइडच्या टेस्टमधला टीएसएच १४ च्या वर, म्हणजे खूपच चढलेला. डॉक्टरांनी पिशवी बघितली आणि सगळं त्याच क्षणी बंद केलं, थायरॉइडची गोळी परत चालू केली. त्यांनी ताईंना एक नाव सांगितलं ते सगळ्यांनी ऐकून ठेवायला हवं, सिब्युट्रामीन. भूक मारणारं औषध, एकेकाळी कायदेशीर होतं, पण हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका वाढतो हे दिसल्यावर २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत बाजारातून गेलं आणि भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. तरी "हर्बल", "नॅचरल" लिहिलेल्या वजनाच्या कॅप्सूलमध्ये ते गुपचूप मिसळलेलं सापडल्याचे इशारे अमेरिकेचं औषध खातं वर्षानुवर्षं देत आलंय. म्हणून लेबल नसलेली कॅप्सूल घेऊन भूक एकदम मेली आणि छाती धडधडायला लागली तर "औषध लागू पडतंय" असं समजू नका, डॉक्टरांकडे जा आणि पिशवी सोबत न्या, लाज वाटली तरी न्या.

रिफंड

डॉक्टरांकडून आल्यावर ताईंनी कंपनीला फोन करून सुनावलं. मनी बॅक गॅरंटी होती ना तुमची? समोरून लगेच, एकदम नम्रपणे, हो ताई, पूर्ण रिफंड मिळेल, फक्त अकाउंट डिपार्टमेंटला जोडून देतो. अकाउंटवाला म्हणाला की रिफंडवर जीएसटी आणि प्रोसेसिंग मिळून ३,४०० आधी भरायचे, सगळं एकत्र परत येईल. स्वतः जीएसटीची रिटर्न्स भरणारी बाई! पण त्या दिवशी तिची पल्स ११८ होती, झोप नव्हती, नवऱ्याला अजून काही सांगितलं नव्हतं आणि कसंही करून हे प्रकरण मिटवायचं होतं. पैसे पाठवले आणि नंबर बंद. रिफंडसाठी कधीच, कुणालाच, एक रुपयाही आधी भरायचा नसतो, आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही.

आईचा चेहरा बघून मुलीने फोन मागितला. तिनेच मेसेज शोधले, मॅन्डेट शोधला आणि ती बाबांना घेऊन बसली. नवरा एपीएमसी मार्केटला कामाला आहे, चांगला माणूस, आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाला, मला का नाही सांगितलंस. संध्याकाळी तिघं माझ्याकडे आले.

मग काय काय केलं

सगळ्यात आधी १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. रिफंडचे ३,४०० त्याच दुपारचे होते आणि सायबर फसवणुकीत तासांवर खेळ असतो, पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत तक्रार गेली तर ते खात्यात अडवून ठेवता येतात. ट्रान्झॅक्शन नंबर, तारीख, वेळ आणि रक्कम हातात घेऊनच फोन लावायचा. ते ३,४०० पूर्ण नाही पण २,१०० होल्डवर पडले. नंतर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तीच तक्रार कागदपत्रांसह टाकली. बाकीचे पैसे ताईंनी स्वतः पिन टाकून किंवा रोख दिलेले होते, तिथे "माझ्या खात्यातून चोरी झाली" असं बँकेला सांगून चालत नाही, तो ग्राहक कायद्याचा रस्ता आहे.

मॅन्डेट तिथल्या तिथे बंद केला. बँक स्टेटमेंटवर ब्रँडचं नावच नव्हतं, भलतंच नाव आणि एका पेमेंट कंपनीचं नाव. त्या पेमेंट कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, सोबत वेबसाइटचे स्क्रीनशॉट, की सबस्क्रिप्शनची अट फक्त इंग्रजीत, पानाच्या तळाला, फिकट अक्षरात आहे. १,९९९ परत आले. असे पैसे नेहमी येतातच असं नाही पण पेमेंट कंपनीला आपला व्यापारी असा निघालेला नको असतो, त्यामुळे मेल टाकायचाच.

मग पार्सलचा बॉक्स. ताईंनी तो फेकला नव्हता, त्यात मुलीच्या जुन्या वह्या भरल्या होत्या. बॉक्सवरचं लेबल हा अशा केसमध्ये सगळ्यात मोठा पुरावा असतो, वेबसाइट रातोरात गायब होते पण लेबलवर पाठवणाऱ्याचं काहीतरी छापावं लागतंच. पत्ता भिवंडीतल्या गोदामाचा. ताईंचे मिस्टर रविवारी बाईकने गेले तिथे. भलं मोठं गोदाम, केसांचं तेल, मोबाईल कव्हर, गुडघ्याचे पट्टे, सगळ्यांची पार्सलं तिथूनच जातात, ते फक्त माल ठेवतात आणि पाठवतात. गेटवरचा माणूस म्हणाला, साहेब या नावाने महिन्यात कुणी ना कुणी येतंच. पण लेबलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात १५ अक्षर-आकड्यांचा जीएसटी नंबर होता आणि तो ताईंच्या नजरेस पडला. पुढचं काम त्यांनीच केलं, रोजचंच होतं ते त्यांचं. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की धंद्याचं कायदेशीर नाव, नोंदणी कुठल्या राज्यात आणि चालू आहे की रद्द, हे कुणालाही फुकट बघता येतं. नाव मिळालं, पत्ता मिळाला.

पाकिटावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, १४ आकडी नंबर पण तपासला, तोही सरकारी फॉसकॉस पोर्टलवर टाकून बघता येतो. नंबर खरा होता, पण भलत्याच राज्यातल्या फरसाणवाल्याचा. आणि नंबर त्यांचा स्वतःचा असता तरी काय, तो अन्नपदार्थाचा धंदा करायचा परवाना असतो, "याने वजन उतरतं" असं सरकारने मान्य केलं असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय हे लोक दोन्हीकडून अडकतात ते बघा. माल अन्न म्हणून विकला तर त्याने आजार बरा होतो असा दावा करता येत नाही. आयुर्वेदिक औषध म्हणून विकला तर औषध बनवायचा वेगळा परवाना लागतो आणि त्याचा नंबर लेबलवर लागतो. आणि औषध म्हटलं की १९५४ चा औषधं आणि जादुई उपचारांच्या जाहिरातींचा कायदा लागतो, त्याच्या यादीत लठ्ठपणा नाव घेऊन लिहिलेला आहे, म्हणजे लठ्ठपणावर अमुक औषध घ्या अशी जाहिरातच करायची नाही, पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सत्तर वर्षं झाली या कायद्याला आणि रोज सकाळी फोन उघडला की तोच कायदा मोडलेला दिसतो! जाहिरात दाखवून पैसे कमावणाऱ्या ॲपवाल्यांना याचा जाब विचारायलाच हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

एस-२ ची पिशवी आणि पाकीट घेऊन अन्न आणि औषध प्रशासनाकडे, म्हणजे आपल्या एफडीएकडे लेखी तक्रार दिली, डॉक्टरांच्या कागदाच्या झेरॉक्ससह. उरलेल्या कॅप्सूल फेकायच्या नाहीत, मोजून, फोटो काढून, तशाच ठेवायच्या. जाहिरातीची तक्रार वेगळी, ती १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं, २०१९ च्या कायद्यात तशी तरतूद आहे.

जीएसटीतून मिळालेल्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, ताईंनीच ड्राफ्ट केली, मी फक्त कलमं भरली. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर हवं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात हवा, यातलं काहीच नव्हतं ते सगळं लिहिलं. अकराव्या दिवशी फोन, या वेळी वेगळाच माणूस, एकदम व्यवस्थित इंग्रजी, "मॅडम आपण सेटल करू." सीओडीचे २,८५० खात्यात जमा केले आणि मेलवर एक कागद पाठवला, सही करून द्या की सगळा वाद मिटला. ताईंनी सही केली नाही. सह्या मागितल्या की ७,२०० सोडून द्यायचे असतात हे त्यांना लगेच कळलं.

मधे एक गंमत नाही पण चीड आणणारी गोष्ट झाली. ताईंना आता वेगवेगळ्या नंबरांवरून फोन येतात, केस गळतीचं औषध, गुडघेदुखीचं तेल, आणि हल्ली "वजनाच्या इंजेक्शनचे थेंब". २०२५ मध्ये मोठ्या कंपन्यांची वजनाची इंजेक्शनं भारतात आली, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि त्या नावाच्या हवेवर आता असले थेंब विकायला लागलेत. ताईंची ती प्रश्नावली पुढे विकली गेलीय, दुसरं काय. एकीने तर "ताई तुमचं थायरॉइड कसं आहे आता" असंच सुरू केलं.

७,२०० साठी आता ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. नवी मुंबईकरांना त्यासाठी लांब जावं लागत नाही, ठाण्याचा अतिरिक्त जिल्हा आयोग बेलापूरला कोकण भवनात आहे, आणि समोरचा कुठल्याही राज्यातला असला तरी आपण राहतो तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. वकील लागतोच असं नाही. मागणीत ७,२०० सोबत डॉक्टरची फी, रक्ताच्या टेस्टचे पैसे, बुडालेल्या चार दिवसांचा पगार आणि मनस्तापाची भरपाई घातली आहे. पुराव्यात बॉक्सच्या लेबलचा फोटो, मॅन्डेटचा स्क्रीनशॉट, टीएसएचचा रिपोर्ट आणि "डॉक्टरांनी" गोळी बंद करा म्हटलेला व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेज, जो त्यांनी डिलीट करायच्या आधी मुलीने दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवला होता. मी म्हटलं होतं की मनस्तापाची रक्कम १० हजार टाकू, ताईंनी खोडून ५० हजार केली.